वाफेवरचा पाव

वाण्याकडे 'ब्राउन ब्रेड' मागितला की हाती पडतो तो नेहमीचाच पाव, जरा सावळा. चष्मा लावून पुडीमागची बारीक अक्षरे वाचावीत. त्या सावळेपणात कोंड्याचा वाटा किती आणि कॅरॅमलचा किती, याचा उलगडा पुष्कळदा तिथेच होतो. पण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, ज्याला न्यू इंग्लंड म्हणतात त्या मुलखात, 'बॉस्टन ब्राउन ब्रेड' म्हणजे निराळीच वस्तू. ती भट्टीत भाजत नाहीत, वाफेवर उकडतात. आकार उभ्या डब्याचा, रंग काळ्या गुळाचा, आणि वरचे कडक कवच मुळी नाहीच. पाव म्हणावे तर त्यात यीस्ट नाही, भाकरी म्हणावे तर तवा नाही. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला अशी वस्तू सापडली म्हणजे तिला नाव काय द्यावे यावरच एक तास सहज निघतो.

हा पाव असा का झाला, याचे कारण मात्र शेतात आहे. १६२० पासून इंग्लंडहून जी माणसे या किनाऱ्यावर वस्तीला आली, त्यांना सवय गव्हाच्या पावाची. तिथे गव्हावर तांबेरा पडू लागला. गंमत अशी की आपल्या दारुहळदीच्या कुळातले बार्बेरी नावाचे काटेरी झुडूप या मंडळींनीच मुरंब्याच्या लोभाने युरोपातून आणले होते, आणि तांबेऱ्याची बुरशी आपल्या आयुष्याचा एक टप्पा नेमका याच झुडपावर काढते. शास्त्राने हे सिद्ध केले १८६५ मध्ये. शेतकऱ्यांना संशय फार आधी आला होता. कनेक्टिकट वसाहतीने १७२६ सालीच ही झुडपे उपटण्याचा कायदा केला. गहू असा दुर्मिळ झाल्यावर उरली दोन धान्ये. एक राय (आपली फोडणीची राई नव्हे, गव्हासारखेच, पण थंडीला न जुमानणारे धान्य) आणि दुसरा मका. मका पेरावा कसा, हे त्यांना तिथल्या मूळ रहिवाशांनी, वाम्पानोआग लोकांनी शिकवले. या रहिवाशांना इंग्रज 'इंडियन' म्हणत, म्हणून मक्याच्या पिठालाही नुसते 'इंडियन' म्हणू लागले, आणि या पिठांच्या पावाला 'राय अँड इंडियन'. तेव्हा वाचकांनी उगाच छाती फुगवू नये; हे इंडियन आपण नव्हेत.

मक्याच्या पिठाला गव्हासारखी धरण नसते, हे मक्याची भाकरी थापणाऱ्या हाताला सांगायला नको. राय थोडी बरी, पण तीही जडच. अशी पिठे फार वेळ कोरड्या आचेवर ठेवली तर पावाची वीट होते. वाफेवर तीच मऊ राहतात. शिवाय चांगली भट्टी प्रत्येकाच्या घरी कुठून असणार? चुलीवर टांगलेले पाण्याचे भांडे मात्र घरोघर होते.

आता राहिली गोडी. साखर महाग, मळी स्वस्त, म्हणून पावात मळी आली. मळी म्हटले की आपल्याला साखर कारखाना आणि त्यापाठोपाठ दारूची भट्टी आठवते. बॉस्टनचीही तीच कथा. कॅरिबियन बेटांवरून जहाजे भरून मळी येई, तिची रम गाळली जाई, आणि त्यातली काही रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेण्यासाठी जाई. ती माणसे पुन्हा उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबत. १७३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने परक्या बेटांवरच्या मळीवर जबर जकात बसवली. वसाहतवाल्यांनी ती सर्रास चुकवली आणि त्यातून पुढे बरेच रामायण घडले. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन अॅडम्स यांनी १८१८ च्या एका पत्रात मोकळेपणाने लिहिले आहे की, आपल्या स्वातंत्र्यात मळीही एक घटक होती आणि हे कबूल करायला लाजायचे कारण नाही. बरोबरच आहे. पण ज्यांनी तो ऊस तोडला त्यांच्या वाट्याला स्वातंत्र्य आले नव्हते. ब्रिटिश बेटांवर गुलामगिरी कायद्याने संपली ती १८३४ मध्ये. धान्य एकाचे, गोडी दुसऱ्याची, आणि नाव बॉस्टनचे! मला या पावाच्या नावाविषयी तक्रार आहे ती एवढीच. चवीविषयी नाही.

हा पाव खायचा वार शनिवार. तिथल्या प्यूरिटन लोकांचा विश्रामवार शनिवारच्या सूर्यास्तापासून सुरू होई. मग चूल पेटवणे, स्वयंपाक करणे वर्ज्य. म्हणून शनिवारी दिवसभर मंद आचेवर घेवड्याच्या बिया मळी आणि खारवलेले डुकराचे मांस घालून शिजवायच्या, जोडीला हा पाव उकडायचा, आणि रात्री जेवून उरलेले रविवारी सकाळी खायचे. आपल्या शिळासप्तमीसारखाच प्रकार, पण दर आठवड्याचा. रविवारची विश्रांती साऱ्या घराला मिळे. शनिवारचा सगळा दिवस मात्र घरच्या बाईच्याच नावे लिहिलेला असे, हे वेगळे सांगायला नकोच.

या कृतीला मोजमाप चढले ते १९ व्या शतकात. १८९६ साली फॅनी फार्मरबाईंचे बॉस्टनच्या पाकशाळेचे जाडजूड पुस्तक निघाले. चमचा आणि कप काठोकाठ सपाट करून मोजावा, हा या बाईंचा आग्रह. त्यांचे प्रमाण सोपे आहे: मका, राय आणि कोंड्यासकट गहू समभाग, प्रत्येकी एक कप, पाऊण कप मळी, दोन कप आंबट दूध, सोडा, मीठ आणि साडेतीन तास वाफ. दुधातले आणि मळीतले आम्ल सोड्याशी भिडते, वायू सुटतो आणि पीठ फुगते.

आपल्या घरात हे बसवायला फारसे अडत नाही. कोंड्यासकट गव्हाचे पीठ म्हणजे आपली गिरणीतली कणीक. राय मिळाली नाही तर मी नाचणी घेते. रंगही झकास येतो. मळीऐवजी काकवी. काकवी म्हणजे मळी नव्हे; साखर काढून घेतल्यावर उरते ती मळी, आणि काकवीत उसाचा सगळा ऐवज शाबूत असतो. त्यामुळे मळीचा कडवट ठसका येत नाही. मला तो नाही आला तरी चालतो. मक्याचे पीठ भरड, नाचणीचे पीठ आणि कणीक मध्यम वाटीने एकेक वाटी, पाऊण वाटी काकवी, दोन वाट्या दाटसर आंबट ताक, चहाचा पाऊण चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ, आवडत असल्यास मूठभर बेदाणे. कालवले की लगेच तूप लावलेल्या, स्टीलच्या दोन उभ्या डब्यांत ओतावे, कारण सोडा वाट पाहत नाही. डबे दोनतृतीयांशच भरावेत आणि झाकणे दोऱ्याने घट्ट बांधावीत. फुगणारे पीठ झाकण उचलून बाहेर डोकावते. तिकडे यासाठी कॉफीचे रिकामे पत्र्याचे डबे वापरीत. हल्लीच्या डब्यांना आतून लेप असतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. डब्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत उकळते पाणी असलेल्या खोल पातेल्यात ते ठेवावेत. कुकर घेतल्यास शिट्टी काढून. लहान डब्यांना दोन तास पुरतात.

या दोन तासांचे काय करायचे? भांड्यातले पाणी आटते, ते दर अर्ध्या तासाने उकळतेच घालावे लागते. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन ओट्याशी बसते. दहा तपासल्या की पाणी. आमच्या घरी आता पाण्याची एक पाळी चिरंजीवांची आणि एक त्यांच्या वडिलांची, असा ठराव झाला आहे. तो प्रत्यक्षात यावा म्हणून घड्याळाचा गजर लावावा लागतो.

विणकामाची सुई खुपसून स्वच्छ निघाली की पाव झाला. दहा मिनिटे निवू द्यावा, डबा उपडा करून काढावा. सुरी लावू नये, चुरा होतो. पावाभोवती जाड दोरा गुंडाळून दोन्ही टोके उलट दिशांना ओढली की सुबक चकती पडते. तिकडच्या जुन्या घरांतही दोराच वापरीत. लोणी लावून खातात. आईची कवळी सध्या डब्यातच असते, तिला या बिनकवचाच्या पावाचे फार कौतुक. तिने तुपाबरोबर एक चकती खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि म्हणाली, "अगं, हे तर धोंडस! काकडी घालायची राहिली वाटतं."

झाले, नावाचा प्रश्न आईपुरता तरी मिटला. उरलेल्या चकत्या दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर तुपात परताव्यात.