पुन्हा एकदा डायलेशन?

या आठवड्यात एका वाचकाने वडिलांचं डिस्चार्ज कार्ड पाठवलं. ‘श्वासनलिका आकसली, डायलेशन केले, तीन महिन्यांनी दाखवणे.’ आधीच्या कार्डांवरही हेच शब्द आहेत. आकसलेला तुकडा कापून टोकं जोडता येतात, हे घरच्यांच्या कानावरही कुणी घातलेलं नाही. माझा संताप झाला.

डायलेशन, म्हणजे दुर्बिणीतून फुग्याने वाट रुंद करणं, मला नको आहे असं नाही. गुदमरणाऱ्याला त्याच दिवशी श्वास मिळतो, गळ्यावर छेद नाही. व्रण पडद्यासारखा पातळ असेल तर तेवढ्यावर भागतंही. पण कूर्चेची कडीच ढासळली असेल, तर फुगा आणि लेझर काय करणार? वाट पुन्हा बुजते, आणि दर वेळी नवी इजा होते ती वेगळीच.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या हर्मिस ग्रिलो यांनी व्हेंटिलेटरच्या नळीमुळे श्वासनलिका आकसलेल्या ५०३ रुग्णांचा हिशेब १९९५ साली मांडला. तुकडा कापून जोडल्यावर सुमारे ९४ टक्के रुग्णांना चांगला किंवा समाधानकारक गुण आला. २.४ टक्के दगावले, तेही सांगायला हवं. शस्त्रक्रिया सोपी नाही. जोडावर ताण येऊ नये म्हणून हनुवटी छातीशी टाक्याने बांधतात. जवळपास आठवडाभर माणूस मान खाली घालूनच जेवतो, झोपतो. आकसलेला भाग स्वरयंत्राला लागून असेल तर आवाज बदलू शकतो. आणि पहिला जोड फसला तर दुसरा फार अवघड, म्हणून हे काम सरावलेल्या हातांचंच. अनियंत्रित मधुमेह असेल, स्टेरॉइड चालू असतील किंवा पुन्हा व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता असेल, तर जोड भरेल याचा भरवसा नसतो. तिथे वाट उघडी धरून ठेवणारी टी-ट्यूब बरी.

पण धडधाकट माणसाला वारंवार डायलेशनलाच बोलवायचं आणि छातीच्या सर्जनचं मत एकदाही घ्यायचं नाही, हे मला मान्य नाही. व्रण किती लांब, स्वरतंतूंपासून किती खाली, कड्या शाबूत आहेत का, ही तीन उत्तरं हाती आल्याशिवाय पुढची तारीख घेऊ नका.

आता माझं जुनंच म्हणणं. व्हेंटिलेटरच्या नळीभोवतीच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका राखायचा असतो. त्याहून चढला की आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, आणि व्रणाची सुरुवात तिथेच होते. तरी आयसीयूत तो बोटांनी चाचपून ठरवतात. गेज लावून मोजला तर यातली बरीच दुखणी टळतील, अशी माझी खात्री आहे. तुमचं माणूस व्हेंटिलेटरवर असेल तर रोज विचारा: फुग्याचा दाब किती आहे, आणि तो चार्टवर कुठे लिहिलाय?