रांग मोडा, मग शिकवा

शाळेच्या मैदानावर सगळ्यात फसवं दृश्य कुठलं? शिस्तीत चाललेला सराव. मुलं रांगेत उभी. एकेक जण धावत येतो, खांबाशी सूर मारतो, कपडे झटकत रांगेच्या शेपटाला जातो. दहाव्या फेरीला सूर देखणा होतो. सर खूश, मुख्याध्यापक खूश, रीलही झकास निघतं. सामन्यात मात्र तोच मुलगा खांबाशी चाचपडतो आणि सर म्हणतात, "दडपण आलं."

दडपण कसलं? समोर पळणारा गडी असताना काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी खडवलीत मुलांना खो-खो शिकवतो, म्हणून हा राग. हिशेब साधा आहे. तास ४० मिनिटांचा. मैदानावर पोचून रांग लागेपर्यंत १० मिनिटं गेली. उरलेल्या ३० मिनिटांत ४० मुलं आणि एक खांब, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४५ सेकंद. बाकी वेळ मूल पुढच्याच्या मानेकडे बघत उभं.

बरं, त्या ४५ सेकंदांत तरी काय मिळतं? १९७८ साली केर आणि बूथ या संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना छोटी पिशवी नेमावर टाकायला दिली. एका गटाचा सराव फक्त ३ फुटांवरून. दुसऱ्याचा २ आणि ४ फुटांवरून. परीक्षा ३ फुटांवर, आणि सरस ठरला दुसरा गट! १९८६ साली गुड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस शिकवल्या. काहींना एका वेळी एकच, काहींना उलटसुलट क्रमाने. नंतरच्या परीक्षेत उलटसुलटवाले पुढे.

कारण कळायला अवघड नाही. तीच गोष्ट लागोपाठ केली की ठरवायचं काही उरत नाही. अदलाबदल झाली की दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. त्यात चुका जास्त होतात, सराव गबाळा दिसतो, पण शिकलेलं टिकतं. रॉबर्ट बियॉर्क या मानसशास्त्रज्ञाने अशा अडचणींना 'हव्याशा अडचणी' म्हटलंय.

आणि खो-खो म्हणजे तर निव्वळ ठरवणं. खो मिळाल्यावर एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. पळणारा कुठे हुलकावणी देईल, हे त्या क्षणी ओळखायचं. समोर गडीच नसलेल्या रांगेत ते कसं येणार?

"आधी पाया पक्का नको का?" हवा. अगदी नवख्या पोराला सूर मारताना हात-खांदा कसा सांभाळायचा, हे एकेकट्यानेच शिकवावं लागतं. पण पाया घालण्यात जून ते मार्च घालवला तर घर कधी बांधणार? "मुलं चाळीस, शिक्षक एक." म्हणून तर रांग परवडत नाही. फक्कीने चार छोटी मैदानं आखा, दहा-दहा मुलं वाटा, दोन-दोन मिनिटांचे डाव लावा, पंचही मुलांनाच करा. "आम्ही असेच घडलो." सर, तुम्ही शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत गल्लीत खेळत होतात. श्रेय रांगेला का देता?

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपण स्टेटस ठेवले. पीटीच्या तासात काय बदललं?

ठाण्यातल्या मुलाला पैसे भरून अकादमी लावता येते. कसारा लोकलच्या पट्ट्यातल्या कितीतरी पोरांकडे शाळेचा तासच आहे. तालुक्याची पहिली फेरी हरली की त्यांचं वर्ष संपतं. वर ऐकवलं जातं, "तुझ्यात दम नाही." पद्धत नापास होते आणि निकाल पोराच्या नावावर लागतो. तेरा वर्षांचं पोर त्यावर विश्वास ठेवतं आणि खेळ सोडतं. मला चीड येते ती याची.

तुमच्या भाच्याच्या किंवा धाकट्या बहिणीच्या शाळेत सराव बघायला गेलात, तर देखण्या सुरावर टाळ्या वाजवू नका. सरांना दोनच गोष्टी विचारा. गेल्या महिन्यात शिकवलेलं आज जमतंय का? आणि समोर गडी पळत असताना जमतंय का?