येताना सेवक, जाताना नोकर

"वैयक्तिक कारणांमुळे" हे दोन शब्द चर्चच्या निवेदनांतून हद्दपार करायला हवेत, असं माझं ठाम मत झालंय. उपासना संपत आलेली असते. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि महिला मंडळाची सहल यांच्या मधोमध एक निवेदन येतं, की आपले अमुक बंधू वैयक्तिक कारणांमुळे सेवेतून मुक्त होत आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. संपलं! पुढचं निवेदन.

मी पाळकांबद्दल बोलत नाहीये. पाळकसाहेबांची बदली झाली की निदान वरून पत्र येतं, निरोप समारंभ होतो, शाल मिळते, फोटो निघतात. मी बोलतोय ते बाकीच्यांबद्दल. ऑफिस सांभाळणारी बाई, ऑर्गन वाजवणारा, चर्चचा शिपाई, तरुण संघाचं काम बघणारा पूर्णवेळ कार्यकर्ता. यांना आपल्याच कमिटीने नेमलेलं असतं, त्यामुळे यांच्या जाण्याची जबाबदारीही आपल्यावरच असते. आणि तिथेच आपण शेपूट घालतो.

गंमत बघा. माणूस कामावर येतो तेव्हा त्याला सांगतात, "बाबा रे, ही सेवा आहे, पगाराकडे बघू नकोस. आपण सगळे एक कुटुंब आहोत." तोच माणूस जायला निघाला की भाषा बदलते. "शेवटी नोकरी होती. त्याला पटलं नाही, तो गेला." म्हणजे पगार ठरवताना तो सेवक आणि निरोप देताना नोकर. दोन्हीकडून फायदा कमिटीचा. मला सांगा, कुठल्या कुटुंबातला माणूस घर सोडून जातो आणि बाकीच्यांना ते दोन ओळींच्या नोटिशीतून कळतं?

पुण्यातल्या एका चर्चमधली गोष्ट सांगतो (नाव सांगत नाही, मुद्दा नावाचा नाही). तरुण संघाचा कार्यकर्ता, सहा वर्षं काम केलेला. तो चाललाय हे आम्हाला कळलं ते तो व्हॉट्सॅपच्या ग्रुपमधून बाहेर पडला तेव्हा. महिन्याभरात तीन कहाण्या तयार. पैशाचा घोळ, मुलीची भानगड, खजिनदारांशी भांडण. खरं कारण अगदीच साधं होतं. मुलाची शाळा सुरू झाली म्हणून त्याने पगारवाढ मागितली होती, आणि दोन वर्षं तो अर्ज मीटिंगमध्ये आलाच नाही. पुढे दुसऱ्या एका मंडळीत तो मुलाखतीला गेला, तर पहिलाच प्रश्न आला, "तिकडे पैशाचं काय झालं होतं?" त्याच्यावर आरोप कुणीच केला नव्हता. आमच्या कमिटीच्या मौनाने केला होता.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "घरची धुणी चव्हाट्यावर कशाला?" बरोबर आहे, धुणी नकोतच. कुणाचं आजारपण, घरातले ताण, मनातली घालमेल हे त्याचं खाजगी आहे. पण पगाराचा अर्ज दोन वर्षं दाबून ठेवणं ही कमिटीची कामगिरी आहे, ते खाजगी कसं? जाणाऱ्याची अब्रू राखतोय असं म्हणत बऱ्याचदा आपण राहणाऱ्यांची खुर्ची राखत असतो.

आता उलट बाजू घ्या. समजा खरंच काही वाईट घडलंय. तेव्हा तर "वैयक्तिक कारणांमुळे" हे शुद्ध खोटं आहे, आणि धोकादायक खोटं आहे. पैसे खाणारा माणूस चांगलं पत्र घेऊन पुढच्या मंडळीत जातो. प्रकरण लहान मुलांचं असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तिथे गुपचूप राजीनामा घेऊन प्रार्थना करणं म्हणजे क्षमा नव्हे. तो पुढच्या गावातल्या लेकरांशी केलेला दगा आहे.

आमच्या आयटीवाल्यांना लोक निर्दयी म्हणतात. असतीलही. पण आमच्याकडे माणूस जाताना काम समजावून देतो, हिशोब मिटतो, हातात पत्र मिळतं. चर्चमध्ये मात्र ईमेलचा पासवर्ड गेलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये आणि त्याच्या रजेचे पैसे कमिटीच्या विस्मरणात! ग्रॅच्युइटीचं विचारलं तर उत्तर तयार असतं, की कायदा 10 किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या संस्थेला लागू, आपल्याकडे चारच आहेत. कायदा पोचत नसेल, पण हिशोब तर माहीत आहे ना? कायम कर्मचाऱ्याची 5 वर्षं भरली की प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार. तेवढं तरी स्वतःहून द्या. रविवारी प्रेमावर प्रवचन ऐकायचं आणि सोमवारी कर्मचाऱ्यांची डोकी मोजायची, हे काही जमत नाही.

आणि हे काही मी कंपनीतून आणलेलं खूळ नाही. 'प्रेषितांची कृत्ये' काढून बघा. पंधराव्या अध्यायात पौल आणि बर्णबा मार्कवरून भांडतात आणि वेगळे होतात. लिहिणाऱ्याने ते भांडण झाकलेलं नाही. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच मार्क पौलाला हवासा वाटतो. विसाव्या अध्यायात इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना पौल आपण कुणाच्या पैशाचा लोभ धरला नाही, हातांनी कष्ट करून भागवलं, हे सगळ्यांसमोर सांगतो. मग सगळे मिळून रडतात. आधी हिशोब, मग अश्रू.

आपल्या घरातलं उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. 1917 साली त्यांनी अमेरिकन मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. पण मिशनच्या 'ज्ञानोदय'चं संपादन 1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. पगार सुटला, नातं सुटलं नाही. शंभर वर्षांपूर्वी जमलं ते आज का जमू नये?

असो. मागणं फार नाही. जाणाऱ्याशी कमिटीबाहेरच्या दोघांनी बसून बोलावं. मंडळीला काय सांगायचं ते त्याच्याशी ठरवून सांगावं, आणि ते खरं असावं. शेवटच्या रविवारच्या आत त्याचा पै-पैचा हिशोब मिटवावा. आणि त्याला समोर उभं करून, नाव घेऊन निरोप द्यावा.

तुम्ही म्हणाल, कमिटीत सगळे ज्येष्ठ, आमचं कोण ऐकतो? पण ऑफिसात एचआरच्या पॉलिसीतलं स्वल्पविरामसुद्धा वाचणारे आपण, चर्चच्या वार्षिक सभेत मात्र चहा-समोश्याची वाट बघत बसतो. यंदा हिशोबाचे कागद हातात आले की एकच प्रश्न विचारा, "गेल्या पाच वर्षांत आपल्याकडून किती कर्मचारी गेले, आणि का?" उत्तर "वैयक्तिक कारणांमुळे" असं आलं, तर खाली बसू नका.