रक्ताला विचारलेला चुकीचा प्रश्न

ब्राझीलच्या शहरांत काळा आजार माणसापर्यंत पोचतो तो मुख्यतः कुत्र्यामुळे. लेइश्मानिया हा परजीवी कुत्र्याच्या कातडीत ठाण मांडतो, सँडफ्लाय ही चिलटाएवढी माशी त्याला तिथून उचलते आणि घरातल्या पोराला चावते. म्हणून १९६३च्या सरकारी हुकमापासून तिथे एक वाट पडली: कुत्र्याचे रक्त तपासायचे, दोष निघाला की त्याला मारायचे. चाचण्या पुढे सुधारल्या. आता फिओक्रुझ या सरकारी संस्थेच्या पट्टीवर थेंबभर रक्त टाकले की काही मिनिटांत रेघ उमटते आणि एलायझा चाचणीने तिची खात्री करून घेतात. पट्टी चांगलीच आहे. तिच्याकडून भलतेच उत्तर मागितले जाते, ही अडचण आहे. ती प्रतिपिंडे शोधते, म्हणजे या शरीराची परजीवीशी गाठ पडली होती एवढेच सांगते. हा कुत्रा माश्यांना संसर्ग देतो का, हे ती सांगू शकत नाही, आणि मारायचे की नाही हे तर त्यावरच ठरायला हवे. ब्राझीलमध्येच झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संसर्ग झालेल्या ४२ कुत्र्यांपैकी अवघ्या सातांकडून माश्यांना ८० टक्क्यांहून अधिक लागण झाल्याचे दिसले. उरलेले बहुतेक जण निव्वळ रेघेचे आरोपी.

त्यात साधे अंकगणितही आड येते. समजा, हजार कुत्र्यांत शंभर बाधित आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ती ९० बाधित पकडेल आणि ९० निरोगीही. दुसरी चाचणी लावली की चुका घटतात, हे खरे. पण तीही प्रतिपिंडांवरच बेतलेली असेल, तर शागास या दुसऱ्याच आजाराच्या परजीवीमुळे फसलेली पहिली चाचणी आणि तिची खात्री करणारी दुसरी एकाच खड्ड्यात पडू शकतात. आपल्याकडे बिहारमध्ये माणसांसाठी याच जातीची आरके३९ पट्टी वापरतात. तिथे नुसत्या रेघेवर कोणी उपचार सुरू करत नाही. दोन आठवड्यांहून लांबलेला ताप आणि वाढलेली प्लीहा पाहतात, कारण बरा झालेला रुग्णही कैक वर्षे पॉझिटिव्ह येतो. माणसाला औषध देण्याआधी जी सावधगिरी, ती कुत्र्याचा जीव घेण्याआधी नको?

यावर एक आक्षेप वजनदार आहे: उपचार न मिळाल्यास हा आजार मुलांचा जीव घेतो, मग दहा कुत्रे जास्त मेले तर काय बिघडले? मारल्याने मुले वाचत असती, तर हा हिशेब मान्य करावा लागला असता. पण नमुना घेण्यापासून एलायझाच्या खात्रीच्या निकालापर्यंत दिवस जातात, तोवर माश्या चावतच राहतात. आणि मेलेल्या कुत्र्याच्या जागी लोक पिल्लू आणतात, ज्याला हा आजार सहज जडतो. तेव्हा संशोधनाचा पैसा रेघ आणखी ठळक करण्यापेक्षा, कातडीतल्या परजीवींचा भार स्वस्तात मोजणाऱ्या चाचणीवर लागावा. तोवर डेल्टामेथ्रिन लावलेले गळपट्टे आहेत. ब्राझीलच्या सरकारनेही ते वाटायला घेतले आहेत. ते हरवतात, काही महिन्यांनी बदलावे लागतात, खर्चही होतो. पण निरोगी कुत्र्याच्या गळ्यात चुकून बांधला, तर त्याला माश्या चावणार नाहीत, इतकेच.