विद्यार्थ्याची फुरसत आणि गावाचे डोंगर

विद्यार्थी म्हणजे सुखावर पाणी सोडलेला जीव, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. ज्याला सुख हवे त्याने विद्येची आशा धरू नये, हा सुभाषितकारांचा दंडक पिढ्यान् पिढ्या शाळांच्या भिंतींवर लिहिला गेला. त्यामुळे अमेरिकेत पदार्थविज्ञानाच्या डॉक्टरेटसाठी गेलेला मुलगा रविवारी डोंगर चढायला गेला, किंवा एखादी मुलगी हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याचा खेळ शिकली, असे कळताच घरच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. शिकायला पाठवले की हुंदडायला, हा प्रश्न ओठांवर आला नाही तरी मनात येतोच. तो प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचे उत्तरही नीट द्यावयास हवे.

कोलोरॅडो राज्यातील बोल्डर या गावाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसोळाशे मीटर उंचीवर, रॉकी पर्वताच्या अगदी पायथ्याशी वसलेले हे लाखभर वस्तीचे गाव. त्याच्या पश्चिमेला 'फ्लॅटआयर्न्स' नावाचे तांबूस खडकांचे तिरपे कडे उभे आहेत. १८७६ साली स्थापन झालेले कोलोरॅडो विद्यापीठ येथलेच. आणि विद्यापीठाने अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेबरोबर १९६२ मध्ये उभारलेली 'जिला' ही संशोधनसंस्थाही येथलीच. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या निबंधाचा धागा पकडून आइन्स्टाइन यांनी पदार्थाच्या ज्या अवस्थेचे भाकीत केले, ती अवस्था एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी १९९५ मध्ये याच संस्थेत सिद्ध करून दाखविली. रुबिडियमचे अणू त्यांनी इतके थंड केले, की निरपेक्ष शून्यापासून त्यांचे अंतर एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी उरले. २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले. जेथे असे संशोधन चालते, त्या इमारतीपासून डोंगराची पायवाट जेमतेम अर्ध्या तासाच्या चालीवर आहे!

श्रमाचे गणित

कचेरीतील टाचणांप्रमाणे संशोधनाचा रोजच्या रोज निपटारा होत नाही. डॉक्टरेटला पाच-सहा वर्षे सहज लागतात. आरंभीची एक-दोन वर्षे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवीच्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणे यांत सरतात. पुढे प्रयोगाच्या मेजावर लेसरच्या किरणासाठी आरसे जुळवण्यात आठवडा जातो. निर्वात पात्राला कोठेतरी सूक्ष्म गळती असते आणि ती सापडेपर्यंत सारेच अडून राहते. अशा कामात घटत्या उत्पादकतेचा नियम शेतीइतकाच निर्दयपणे लागू पडतो. सलग बाराव्या तासाला थकलेला हात आरसा बिघडवतो आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ ते निस्तरण्यात जाते. म्हणून रविवारची चढण ही कामातून केलेली चोरी नसून कामाच्याच हिशेबातील एक रास्त रक्कम होय.

विज्ञानाच्या इतिहासातही याला दुजोरा आहे. युरेनियमचा अणू दुभंगतो म्हणजे नेमके काय होते, याचा उलगडा लिझे माइट्नर आणि त्यांचे भाचे ऑटो फ्रिश यांना १९३८ च्या डिसेंबरात स्वीडनमधील बर्फात फिरताना झाला. तप्त वायू चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवण्याचा विचार लायमन स्पिट्झर यांच्या मनात १९५१ साली घोळू लागला, तो कोलोरॅडोतीलच ॲस्पेन येथे, बर्फावरील खेळाच्या सुटीत. अर्थात, डोंगर चढला की शोध लागतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने भरलेल्या डोक्यालाच मोकळी हवा मानवते. रिकाम्या डोक्याला ती केवळ वाराच घालते.

सुखाचा खर्च कोणाचा?

तथापि खरा प्रश्न पुढेच आहे. संशोधक विद्यार्थी साहाय्यक म्हणून काम करतो, त्याचे शुल्क बहुधा माफ होते आणि निर्वाहापुरते विद्यावेतन मिळते. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीत असे वैभव त्याला परवडते कसे? याचे उत्तर त्याच्या काटकसरीत नाही. ते बोल्डरच्या नागरिकांनी घेतलेल्या निर्णयांत आहे. ठरावीक उंचीवर पालिकेने पाणी पुरवू नये, जेणेकरून डोंगरउतारांवर घरे चढणार नाहीत, असा कौल तेथील मतदारांनी १९५९ मध्ये दिला. १९६७ मध्ये तर, मोकळी जमीन विकत घेता यावी यासाठी शंभर डॉलरच्या खरेदीवर चाळीस सेंट कर त्यांनी स्वतःहून मतदान करून स्वतःवर बसवून घेतला. आज या गावाच्या ताब्यात पंचेचाळीस हजार एकरांहून अधिक मोकळी जमीन आहे. विद्यार्थ्याला फुकट वाटणाऱ्या चढणीचे मोल त्याच्या जन्माआधीच्या किराणा-कापडाच्या बिलांतून चुकते झालेले आहे. सार्वजनिक संपत्ती म्हणतात ती हीच. ज्याच्या खिशात काही नाही, त्यालाही ती श्रीमंत करते.

परंतु या चित्राला भाड्याचे ग्रहण लागलेले आहे. भोवती बांधकामाला मज्जाव, इमारतींच्या उंचीवर १९७१ पासून पंचावन्न फुटांची मर्यादा आणि गावात राहू इच्छिणारांची रीघ, अशा स्थितीत घरे महाग होणार हे अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. गावात काम करणारी हजारो माणसे रोज बाहेरून ये-जा करतात. नातेसंबंध नसलेल्या किती जणांनी एका घरात राहावे यावरही निर्बंध होता. भाडे वाटून घेणाऱ्या विद्यार्थ्यांना तो जाचत असे. असे निर्बंध कोलोरॅडो राज्याने २०२४ मध्ये कायदा करून दूर केले. डोंगर सर्वांचा, पण त्याच्या पायथ्याशी राहण्याचा हक्क मात्र पैसेवाल्यांचा, अशी वाटणी झाली तर १९६७ च्या कराचा हेतूच फसेल. जमीन राखताना माणसांसाठी घरेही राखावी लागतात, हा बोल्डरने अद्याप पुरता न गिरवलेला धडा आहे.

महाराष्ट्राला या दोन्ही धड्यांची गरज आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या पाठीशीच वेताळ टेकडी आहे. तेथील संशोधकांना आणि पेठांतील गृहस्थांना संध्याकाळी सारख्याच हक्काने चढता येईल अशी ती जागा आहे. आणि तिच्यातून रस्ता काढावा की नाही, यावर वाद झडतो आहे. रस्त्याने वाचणारी मिनिटे मोजता येतात, टेकडीवर मिळणारी फुरसत मोजता येत नाही. म्हणून ती शून्य धरली जाते, आणि हिशेब नेमका तेथेच चुकतो.

तेव्हा डोंगरावर गेलेल्या विद्यार्थ्याला जाब विचारण्यापूर्वी समाजाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपल्या मुलांना चढायला आपण किती टेकड्या शिल्लक ठेवल्या आहेत?