ओलं धान्य वर ठेवा

मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्यानं पावसाचं कारण सांगितलं. मग भिजलेलं वर का ठेवलं नाही, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. हदीसमधला हा प्रसंग दर्यापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तूर-हरभऱ्याच्या ढिगात हात खुपसून ओल पाहणं इथं नेहमीचंच.

पाकिटात मात्र हात घालता येत नाही. इफ्तारसाठी सरबत, ज्यूस, बिनबियांचे खजूर घरोघरी येतात आणि मधुमेह असलेला रोजेदार समोरची मोठी अक्षरं वाचून निर्धास्त होतो. 'शुगर फ्री' म्हणायचं तर १०० ग्रॅम किंवा १०० मिलीत साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. 'नो अ‍ॅडेड शुगर' म्हणजे वरून घातलेली नाही. फळाची स्वतःची साखर आहेच. दाव्यांच्या २०१८ च्या नियमांत हा फरक आहे, दुकानात तो कुणी सांगत नाही. काही खजुरांना ग्लुकोज सिरप लावलेलं असतं, त्याची नोंद मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर दिसली तर पुढं वाचायची फारशी गरज नाही.

एफएसएसएआय अगदीच झोपलेली नाही. जून २०२४ मध्ये तिनं अर्कात पाणी मिसळून केलेल्या रसांवरून '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला लावला. पण सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यातली ताऱ्यांची कल्पना फसवीच. सुकामेवा, कडधान्य असलं की गुण वाढतात आणि साखरेचा दोष तेवढा झाकला जातो. ओलं धान्य पुन्हा खालीच. दर्शनी सूचनेचा प्रश्न तीन महिन्यांत मार्गी लावा, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं होतं. त्यानंतर रमजान आला, सूचना आली नाही.

भाषेचं तर विचारूच नका. लेबलवर इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी बंधनकारक, मराठी कंपनीच्या मर्जीवर. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला विहिरीचं पाणी जिभेवर घेतलं की मीठ कळतं; फरसाणातल्या सोडियमचे मिलिग्रॅम कसे कळावेत? 'साखर जास्त', 'मीठ जास्त' एवढंच ठळक मराठीत पाकिटाच्या तोंडावर छापायला शाई तरी किती लागणार आहे?