घराचा पत्ता आणि मताचा हक्क

चवथीच्या दिवसांत पेडणे किंवा डिचोली महालातल्या कुठल्याही वाड्यावर चक्कर मारावी. घरोघर दिवे लागलेले असतात, माटोळी बांधलेली असते, अंगणात म्हापसा-पर्वरी-फोंड्याहून आलेल्या गाड्या उभ्या असतात. दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, सात दिवसांचा गणपती विसर्जन झाला की एकेक गाडी निघते आणि दाराला कुलूप लागते. ज्या घरात अजून म्हातारी माणसे आहेत, तिथे हे कुलूप काही वर्षे पुढे ढकलले गेले आहे, एवढेच.

मुलाला पणजीत नोकरी, सुनेचे काम म्हापशात, नातू शाळेत घालायच्या वयाचा. आता राहायचे कुठे? पर्वरीत फ्लॅट घ्यावा, म्हापशात भाड्याने राहावे, की पेडणे-डिचोलीतच राहून रोज येजा करावी? आज आमच्या बहुतेक जुन्या कुटुंबांत जेवताना हाच विषय निघतो. हा घरगुती प्रश्न आहे, संघटनेने त्यात कशाला तोंड घालावे, असे कोणी म्हणेल. परंतु या निर्णयाची एक बाजू घरापुरती राहत नाही, आणि ती फ्लॅटचा दलाल सांगत नाही. म्हणून हे लिहिणे.

ती बाजू मताची आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे विसावे कलम स्पष्ट सांगते की, एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणेही कायद्याला मंजूर नाही. म्हणजे संसार पर्वरीला हलला की नावही तिकडेच जायला हवे. पंचायतीच्या मतदार यादीत ज्याचे नाव, तोच ग्रामसभेचा सदस्य. घरपट्टी तुम्ही भराल, देवळाची वर्गणी द्याल, पण रविवारच्या ग्रामसभेत डोंगर कापण्याचा विषय आला तर हात वर करण्याचा अधिकार तुम्हाला उरणार नाही.

थोड्या मतांनी काय होते, असे समजू नये. २०११ च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५,७४७ आणि डिचोलीची ९७,९५५ होती. एवढ्यात पाच मतदारसंघ येतात: मांद्रे, पेडणे, डिचोली, मये आणि साखळी. २०२२ मध्ये साखळीचा निकाल ६६६ मतांनी लागला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात एकेका मतासाठी वाड्यावाड्यांवर फिरलेली माणसे ज्या कुटुंबांत होऊन गेली, त्यांना मताची किंमत आम्ही नव्याने सांगायला नको.

माणसे घर सोडून का जातात, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. डिचोलीत खाण होती तोवर ट्रक, मशीन, गॅरेज यांवर घर चालत होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजे रद्द केल्यावर परत बंद पडल्या. ज्या घरात ट्रकचे हप्ते होते, तिथला मुलगा कामासाठी म्हापसा-पणजीकडे वळला. पेडण्यात उलटे घडले. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू झाला आणि काम दाराशी आले, पण त्याच्या मागोमाग जमिनीला गिऱ्हाईकही आले. ज्या वरकस जमिनीला काल कोणी विचारत नव्हते, तिच्यासाठी आज तीन गाड्या येऊन उभ्या राहतात. मग वडिलार्जित जमीन विकून पर्वरीत दोन खोल्यांचा फ्लॅट, हा हिशेब सोपा वाटू लागतो.

तो सोपा नाही. विकलेली जमीन परत मिळत नाही आणि ज्याने घेतली तो तिचे रूपांतर करून घेतल्याशिवाय राहत नाही. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालण्यात आले आणि २०२४ मध्ये ३९(अ) आले. पहिल्या कलमाखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले. त्याआधी २०२३ मध्ये पेडण्याचा झोनिंग आराखडा आला होता, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. कोण उतरले होते? जे गावात राहत होते ते. कुलूप लावलेल्या घरातून मोर्चाला कोणी येत नाही.

बाहेरून येऊन इथे राहणाऱ्याचा आम्ही दुस्वास करीत नाही. तो रीतसर घर घेतो, नाव नोंदवतो, मत देतो. तो त्याचा हक्क आहे. आपली खुर्ची आपण रिकामी केली आणि दुसरा बसला, तर दोष कोणाचा?

याचा अर्थ प्रत्येकाने गावातच राहावे, असा आमचा हट्ट नाही. रात्रपाळी असलेल्या परिचारिकेने किंवा आजारी आईला घेऊन दर आठवड्याला बांबोळीला जाणाऱ्या मुलाने शहरात खोली घेतली, तर त्यांना नावे ठेवणारे आम्ही कोण? मात्र ज्यांना निवड करता येते, त्यांनी आधी काही गोष्टी पाहाव्यात. पेडणे काय, डिचोली काय, पणजीपासून तीसेक किलोमीटरवर. फ्लॅटचा वीस वर्षांचा हप्ता आणि रोजच्या येजाचा खर्च एका कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहावा. घरात मूल सांभाळायला आजी असणे, विहिरीला पाणी असणे, यांची किंमतही त्यात धरावी. घर बदलायचेच असेल तर गावाऐवजी पेडणे, डिचोली, साखळी या आपल्याच शहरांत जागा पाहावी. एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी किती वेळ येते, रात्री डॉक्टर कुठे मिळतो, मराठी शाळा चालती आहे का, हे शेजाऱ्यांना विचारावे. एक-चौदाचा उतारा, सनद आणि झोन वकिलाकडून तपासून घ्यावे. कागद नसलेल्या घराचे दुःख काय असते, ते मयेवासीयांना विचारा. स्थलांतरितांच्या मालमत्तेचा प्रश्न सोडवायला २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तोही मुक्तीनंतर त्रेपन्न वर्षांनी.

जुन्या घराचेही कागद नीट करावेत. उताऱ्यावर आजोबांचेच नाव, वारस पंधरा, त्यातले चार मुंबईत, अशी स्थिती अनेक घरांत आहे. आपल्या नागरी कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे आणि पत्नीच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. भावाबहिणींनी पुढच्या चवथीला एकत्र बसून इन्व्हेंटरीचा विषय काढावा. घर कोणाचे हे ठरले, तर ते दुरुस्त करायला कोणी तरी पुढे होईल.

सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. २०१९ मध्ये मांडवीवर अटल सेतू झाला. पूल झाला म्हणून संध्याकाळची शेवटची बस उशिरा सुटत नाही. दुकानात, हॉटेलात, इस्पितळात काम करणारी मुलगी रात्री नऊ वाजता सुटली, तर तिने डिचोलीला किंवा पेडण्याला कसे पोचायचे? या एका प्रश्नावर कितीतरी कुटुंबे घर सोडतात. रात्रीच्या दोन बसगाड्या, रात्री उघडा दवाखाना आणि पटसंख्येच्या नावाखाली बंद न पडणारी शाळा, एवढे झाले तर निम्मी कुलुपे लागणारच नाहीत. मत मागायला येणाऱ्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर सभेत सर्वांसमोर घ्यावे.

विचारणारा मात्र त्या गावचा मतदार असावा लागतो. पर्वरीच्या फ्लॅटची बयाणा रक्कम देण्यापूर्वी एवढी एक गोष्ट घरात सर्वांनी मिळून बोलावी, ही विनंती.